पाचवं शील आणि हॉपचं तेल

जिंतूर,
२५ मे २०२४

बाबा,

जयभीम. वर 'आदरणीय' लिहायला घेतलं होतं, पण परवा विहारात जे झालं त्यानंतर हात पुढे सरकेना. तेवढा शब्द सोडून बाकीचं लिहिते. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केला आहे, आईच्या फोनमधूनही काढायला लावला आहे, म्हणून हे पोस्टाने. पोस्टमनला काही तुम्ही दारातून परत पाठवणार नाही, तो तुमचा विद्यार्थी आहे.

बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून, परभणीला एसटी बदलून मी सोनपेठला आले ती भांडायला आले नव्हते. आईच्या शेजारी बसून वंदना म्हणायची, खीर खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं, एवढंच मनात होतं. तुम्ही माईकवर शीलं सांगत होतात, आम्ही मागून म्हणत होतो. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. पाचव्याला, दारूच्या शीलाला, तुम्ही थांबलात. चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "हे शील जे पाळत नाहीत त्यांनी तोंडानं म्हणू नये. खोटं म्हणण्यापेक्षा गप बसलेलं बरं." नाव घेतलं नाहीत. घ्यायची गरजही नव्हती, सगळं विहार वळून माझ्याकडे बघत होतं. मी हात जोडून, तोंड मिटून बसून राहिले. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला होता.

पुरुषांच्या रांगेत धम्मपाल होता. माझा धाकटा भाऊ आणि तुमचा एकुलता एक मुलगा. त्याने पाचवं शील सगळ्यात मोठ्याने म्हटलं. तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाहीत, मीही नाही. आपल्या घरात कुठे बघायचं नाही हे सगळ्यांना चांगलं पाठ आहे.

आता माझं ऐका. मी बियरच्या फॅक्टरीत आहे, हे खरं आहे आणि ते मी कधी लपवलं नाही. पण मी पीत नाही. माझं काम वासाचं आहे. हॉप नावाची थंड मुलखातली एक वेल असते, तिला हिरव्या कळ्यांसारखी फुलं येतात. ती फुलं बियरच्या रसात उकळली की त्यांचा कडूपणा उतरतो, पण सुगंध मात्र वाफेबरोबर उडून जातो. म्हणून त्या फुलांचं तेल वेगळं काढतात, आपल्याकडे वाळ्याचं काढतात तसं, वाफेवर. ते तेल अगदी शेवटी, बियर थंड झाल्यावर, भरायच्या आधी टाकीत सोडायचं. किती सोडायचं, कोणत्या जातीचं, किती गार असताना, हे मी ठरवते. ग्लास नाकाशी धरते, वास घेते आणि ठेवून देते. चव बघायला वेगळी माणसं आहेत. भगवानराव, आमचे मॅनेजर, सगळ्यांना सांगतात की या फॅक्टरीत न पिणारी दोनच माणसं आहेत, एक मॅडम आणि एक गेटवरचा कुत्रा.

तुम्ही का चिडता हे मला कळत नाही असं समजू नका. आजोबांना गुत्त्यातून उचलून आणणारं पोर तुम्ही होतात. वस्तीतल्या बायकांना घेऊन तुम्ही तो गुत्ता बंद पाडलात, मी आईच्या कडेवर बसून त्या मोर्चात होते असं आई सांगते. त्या माणसाच्या पोरीने दारूच्या कारखान्यात नोकरी करावी, हे तुमच्या जिव्हारी लागलं. मान्य. पण पदवी घेऊन मी दोन वर्षं अर्ज करत होते. बिस्किटवाल्यांनी घेतलं नाही, दूधवाल्यांनी घेतलं नाही. यांनी घेतलं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की शिकलेल्या माणसाने रिकामं बसू नये.

उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिते. पण बघते.

संघप्रिया


जिंतूर,
२ सप्टेंबर २०२४

बाबा,

जयभीम.

आई शेजारच्या सरजाबाईंच्या फोनवरून बोलते हे तुम्हाला ठाऊक आहे की नाही ते मला माहीत नाही. ठाऊक असेल तर तिला रागावू नका. ती म्हणाली, "तुजं पत्र आलं व्हतं त्ये वाचलं त्यांनी. वाचून घडी केली अन् सदऱ्याच्या खिशात ठेवली. चार दिस तसंच खिशात व्हतं, धुताना मी काढलं." मला तेवढ्यानेच बरं वाटलं. एवढ्या थोड्यावर मी खूश होते याचा नंतर रागही आला.

आता कामाचं लिहिते. माझं लग्न ठरतंय. मुलाचं नाव सुमेध, येलदरीच्या वीजकेंद्रात ऑपरेटर आहे, मूळचा सेलूकडचा. मी काय काम करते ते त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, धरणाचं पाणी आमच्याकडून वीज करून खाली जातं आणि पुढे तुमच्याकडे बियर होतं, म्हणजे आपण एकाच धंद्यात आहोत. असा आहे. थट्टेखोर, पण माणूस सरळ.

त्याच्या घरच्यांना लग्न सोनपेठच्या विहारात चालेल. मला दुसरीकडे चालणार नाही. बाबा, तालुक्यातल्या किती पोरींची लग्नं तुम्ही लावलीत. नवरा-नवरीला समोर उभं करून तुम्ही शीलं देता तेव्हा तुमचा आवाज वेगळाच येतो, शाळेतल्यासारखा नाही. लहानपणी मी दुसऱ्यांच्या लग्नात मांडवाच्या खांबाला धरून तो आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची की एक दिवस बाबा मला असं म्हणायला लावतील. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता ते तुम्ही नाकारणार की काय अशी भीती वाटायला लागली आहे.

तुम्हीच लग्न लावावं. तुमच्या तोंडून मला पाचही शीलं हवी आहेत. मी पाळते म्हणून मागते, दया म्हणून नाही.

इकडे माझी नवी बियर बाजारात गेली. हॉपच्या एका जातीच्या तेलाला संत्र्याच्या सालीचा वास असतो, नखाने साल सोलताना येतो तसा. तो मी अगदी हलका ठेवला, ग्लास तोंडाजवळ आणल्यावर कळेल इतकाच. मुंबईच्या मोठ्या साहेबांनी फोन करून विचारलं की हे कुणी केलं. मी फोन ठेवला आणि पहिली तुमचीच आठवण आली. शाळेत पहिली आले की तुम्हाला सांगायला धावत यायची, तशी सवय अजून गेलेली नाही. सांगायला कुणी नव्हतं म्हणून मग सुमेधला सांगितलं.

लग्नाबद्दल एक ओळ तरी पाठवा.

संघप्रिया


जिंतूर,
२० ऑक्टोबर २०२४

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. जवळजवळ पाच महिन्यांनी आलेलं तुमचं अक्षर बघून मी पाकीट फोडायच्या आधी खुर्चीवर बसून घेतलं.

तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं इथे उतरवते, म्हणजे तुम्हालाही एकदा वाचता येईल. "चि. संघप्रियास जयभीम. धम्मपाल घरी बसून आहे. तुझ्या कंपनीत एखादी जागा असेल तर पाहावे. त्याला लावून दिल्यास बरे होईल. लग्नाचे त्यानंतर बघू." खाली सही.

कंपनीत. मी असताना ती दारूची भट्टी होती. धम्माला जागा हवी म्हटल्यावर ती कंपनी झाली.

मी हसले, बाबा. एकटीच खोलीत हसले आणि मग रडले. मला वाटलं होतं तुम्ही रागाने लिहाल. रागाने लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं, कारण तुमचा राग खरा आहे असं मी मानत होते. आता मला कळेना की तुमचा राग दारूवर आहे की माझ्यावर.

धम्मा पितो. आपल्या घरात हे कुणीच बोलत नाही, म्हणून मी लिहून ठेवते. उन्हाळ्यात बाजारच्या दिवशी तो एसटी स्टँडच्या मागे पडला होता. तुम्ही बन्सीधरच्या रिक्षातून त्याला अंगावर चादर टाकून घरी आणलंत आणि विचारणाऱ्यांना सांगितलंत की उन्हाचा त्रास झाला. हे मला आईने नाही, बन्सीधरने सांगितलं. ऐकताना मला तुमची कीव आली. आधी बाप उचलायचा, मग मुलगा उचलायचा, एका माणसाच्या वाट्याला हे यायला नको होतं. पण त्याच धम्माला पुढच्या रविवारी तुम्ही विहारात पहिल्या रांगेत बसवता, आणि मला गप बसवता.

तरी मी भगवानरावांकडे गेले. जावंच लागलं, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ माझ्या मानगुटीवर बसली होती. त्यांनी विचारलं, "पोरगा पेतो का?" मी म्हटलं, मला विचारू नका, त्यालाच विचारा. त्यांनी धम्माला विचारलं. तो म्हणाला, "न्हाई साहेब, आमच्या घरात चालत न्हाई. वडील बौद्धाचार्य हायेत." भगवानरावांनी त्याला स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. एक तारखेपासून येऊ द्या. राहील माझ्याकडेच.

आता लग्नाचं बघा.

संघप्रिया


जिंतूर,
१२ जानेवारी २०२५

बाबा,

जयभीम. धम्मा बरा आहे. सकाळी माझ्याआधी उठतो, युनिफॉर्मला इस्त्री करतो, डबा भरून घेतो. कामाला वाईट नाही. पोती उचलतो, हिशेब नीट सांगतो, ड्रायव्हर लोकांना हसवतो. पहिले काही दिवस मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. माझ्या नाकापुढे त्याची डाळ शिजणार नाही हे त्याला माहीत आहे. अजून तरी काही आलं नाही.

सहा डिसेंबरला तो सोनपेठला आला होता. मला सुट्टी नव्हती, आणि असती तरी तुम्ही बोलावलं नव्हतं. परत आल्यावर त्याने सांगितलं, "आक्का, बाबांनी मला माइक देला. शीलं मीच सांगितली समद्यायला." आई म्हणाली की तुम्ही लोकांना सांगता, मुलगा एमआयडीसीत सुपरवायजर आहे. कसली एमआयडीसी ते कुणी विचारत नाही. मुलगी कुठे असते असं कुणी विचारलं तर तुम्ही विषय बदलता, हेही आईच म्हणाली.

एकाच फॅक्टरीच्या एकाच गेटातून आम्ही दोघं आत जातो, बाबा. बाहेर आल्यावर तो शीलवान आणि मी भ्रष्ट. हा हिशेब मला अजून जमलेला नाही. तुम्ही गणित शिकवायचात, तुम्हीच एकदा समजावून सांगा.

परवा त्याला माझी प्रयोगशाळा बघायची होती. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी ते खाण्यात चालणाऱ्या स्पिरिटमध्ये, म्हणजे शुद्ध अल्कोहोलमध्ये, विरघळवून घ्यावं लागतं. ते काम चालू होतं. तो नाक पुढे करून उभा राहिला. म्हणाला, "किती टाकती ह्ये?" मी म्हटलं, एवढ्या मोठ्या टाकीला चहाच्या कपाएवढं तेल. त्याने टाकीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. "कपभर?" म्हणाला. "म्हंजी बियरचं समदं सत्त्व ह्याच्यात हाय तर." मी हसून म्हटलं, सत्त्व नाही रे, नुसता वास. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

लग्नाबद्दल आईकडून निरोप आला की बाबासाहेबांच्या जयंतीनंतर बघू. आधी नोकरीनंतर बघू होतं. सुमेधचे वडील आता दर आठवड्याला विचारतात आणि मी दर आठवड्याला नवीन कारण सांगते. तुम्ही येणार नसाल तर तसं सांगा. जिंतूरलाही विहार आहे. पण मला तिथे लग्न करायचं नाही, हे तुम्हाला पुरतं माहीत आहे आणि तुम्ही त्याचाच फायदा घेताय असं मला वाटायला लागलं आहे.

संघप्रिया


परभणी,
१९ मार्च २०२५

बाबा,

तुम्ही वरच्या मजल्यावर धम्माच्या खाटेशी बसला आहात आणि मी खाली दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून हे लिहिते आहे. जाताना आईच्या हातात देईन. समोरासमोर तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, म्हणून.

आधी काय झालं ते नीट सांगते, कारण वॉर्डातल्या पाहुण्यांना तुम्ही सांगत होतात की हिच्या फॅक्टरीत ह्याला काहीतरी पाजलं. कुणी काही पाजलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने माझ्या ॲप्रनच्या खिशातून तेल ठेवतो त्या थंड खोलीची किल्ली घेतली. कुलूप उघडलं. तेल आणि स्पिरिटचं मिश्रण ॲल्युमिनियमच्या बाटलीत होतं, तिच्यावर मी माझ्या हाताने मराठीत लिहून चिकटवलेलं आहे की हे पिण्यासाठी नाही. त्याने ते वाचलं. शुद्धीवर आल्यावर त्यानेच मला सांगितलं की वाचलं. कपभराने टाकीभर बियर होते, तर घोटभर पोटात गेलं की केवढी चढेल, असा त्याचा हिशेब. घोटभर नाही, त्याने निम्मी बाटली संपवली. घसा भाजला, उलट्या झाल्या, त्यातलं काही छातीत गेलं. जिंतूरच्या डॉक्टरांनी हात लावला नाही, म्हणून इकडे आणलं. रुग्णवाहिकेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो ढेकर देत होता तो संत्र्याच्या वासाचा. वॉर्डात नर्स विचारत होती की संत्री कुणी आणली. माझी बियर, बाबा. ज्या वासासाठी मुंबईहून फोन आला होता तो वास माझ्या भावाच्या तोंडातून येत होता आणि मला वाटत होतं की हा आता मरतो.

तो मरणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे. तेवढ्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

मग काल तुम्ही मला जिन्याखाली बोलावलंत. दहा महिन्यांनी तुम्ही माझ्याशी तोंडाने बोललात. फॅक्टरीत स्पिरिटच्या थेंबाथेंबाचा सरकारला हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे किल्ली चोरून बाटली घेतली असं लिहिलं गेलं तर पोलिसात जाईल, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू लिहून दे. बाटली टेबलावर होती, चिठ्ठी नव्हती, तुझ्याकडून राहिली. त्यानं पाणी समजून घेतली."

मी म्हटलं, बाबा, हे खोटं आहे.

तुम्ही भिंतीकडे बघत होतात. म्हणालात, "त्याच्या जन्माचा प्रश्न हाय माय. तुज्या हातात हाय."

तुम्ही शाळेतली भाषा सोडून आपल्या घरची भाषा बोललात. मला माय म्हणालात. आणि मग लगेच म्हणालात, "अकरा मेचा रविवार मोकळा हाय. तुजं लग्न मी लावतो."

तिथेच तुम्ही मला मारलंत. ते वाक्य तुम्ही त्याआधी म्हणाला असतात, किंवा नंतर कधीतरी म्हणाला असतात, तर मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण तुम्ही ते वाक्य ह्या वाक्याला जोडलंत. भाजीवाला वर कोथिंबीर घालतो तसं.

माझं उत्तर लिहून देते. मी हे करणार नाही. चिठ्ठी मी लावली होती, कुलूप मी लावलं होतं. खोटं बोलणं हेसुद्धा शीलातच येतं, पाचव्याच्या एक आधी. तुम्हीच शिकवलंत. पाचव्यासाठी तुम्ही मला साऱ्या वस्तीसमोर गप केलंत. आता चौथं मोडायला सांगता आणि बक्षीस म्हणून पाचवं देता. मला असलं शील नको.

संघप्रिया


जिंतूर,
२७ मार्च २०२५

बाबा,

लिहून दिलं.

बाटली टेबलावर मीच ठेवली, चिठ्ठी लावायची राहून गेली, असं. भगवानरावांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, तुमी अशी चूक करताल असं मला वाटत न्हाई." मी म्हटलं, झाली. त्यांनी कागद फाइलला लावला. मग म्हणाले की राजीनामा दिलात तर वरच्यांना कळवताना मी सौम्य लिहीन. तोही दिला.

हे धम्मासाठी केलं असं कुणाला सांगू नका. आई आली होती आणि माझ्या दारात बसून राहिली होती, तिच्यासाठी केलं असंही नाही. तुम्ही माझं लग्न लावावं म्हणून केलं. मला लाज वाटते, पण तसंच आहे.

अकरा मे नक्की धरते.

संघप्रिया


येलदरी,
२५ मे २०२५

बाबा,

इकडे धरणाजवळच्या कॉलनीत राहायला येऊन आता आठवडा होईल. सुमेध ड्युटीवर जातो, मी घर लावते. खिडकीतून पाणी दिसतं. नोकरी शोधते आहे, पण राजीनाम्याचं कारण विचारतात आणि मी सांगते की निष्काळजीपणा, मग ते पुढे काही विचारत नाहीत.

धम्मा पुन्हा कामावर रुजू झाला, हे तुम्हाला माहीत असेलच. कंपनीला वाटलं की जखमी माणसाला काढलं तर तो कोर्टात जाईल. त्याला आता स्टोअरमध्ये बसून काम दिलंय. त्याचाच फोन आला होता. म्हणाला, "आक्का, तुज्या जागी जो आलाय त्यो तेल उकळत्यात टाकायलाय. वास ऱ्हाईनाच." मी त्याला सांगितलं की थंड झाल्यावर टाकायचं, शेवटी. तो म्हणाला, "मी सांगितलं, त्यो आयकत न्हाई." मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही. चांगली बियर होती ती.

तुमच्याविरुद्ध तक्रार करायला जागा ठेवली नाहीत तुम्ही. लग्न छान झालं. मांडव मोठा घातलात, सगळ्या वस्तीला जेवण दिलंत. लोक म्हणत होते की गुरुजींनी पोरीला शेवटी जवळ केलं. सुमेधच्या वडिलांनी तुमचे हात हातात घेतले. आईने मला मिठी मारली आणि सोडेचना. तिला वाटतं आता सगळं नीट झालं. तिचं तसंच राहू द्या.

पण मला एक लिहायचं आहे, आणि यानंतर मी तुम्हाला काही लिहिणार नाही. भेटले की जयभीम म्हणेन, पाणी देईन, आईला विचारायचं ते विचारेन.

तुम्ही आम्हाला समोर उभं केलंत आणि शीलं द्यायला लागलात. तोच आवाज होता, ज्याच्यासाठी मी खांबाला धरून उभी राहायची. पहिलं म्हटलं. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझ्या तोंडून शब्द निघेना. ठरवून गप राहिले असं नाही. सुमेधचा एकट्याचा आवाज माईकमध्ये गेला, सगळ्यांनी ऐकला असेल. त्याने माझ्याकडे बघितलं. मग तुम्ही बघितलंत.

तुम्हाला कळलं, बाबा. मी तुमच्या डोळ्यात ते बघितलं. मी वाट बघत होते. वाटलं होतं, आता हे थांबतील, चष्मा काढतील, पुसतील. मला काही म्हणणार नाहीत, पण थांबतील तरी. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. तुम्ही एवढंच थांबला असतात तरी मी तुम्हाला सगळं माफ करणार होते, अगदी विहारातलंसुद्धा.

तुम्ही डोळे खाली घातलेत आणि पाचवं सुरू केलंत. मी ते म्हटलं. सगळ्यात मोठ्याने म्हटलं, धम्मासारखं.

संघप्रिया